कानपिळीचा मान

राहू गावच्या ज्ञानू आप्पांच्या घरी माणसाची पत त्याला कुठं बसवतात यावरून कळते. मीटरचा फोटो काढायला आलेला उभ्या उभ्या जातो. अंगणात प्लास्टिकची खुर्ची मिळाली तर तो ओळखीचा, पडवीत बाजेवर बसवला तर पाहुणा, आणि आत चुलीपुढं पाट टाकला तर घरचा. खुर्चीपासून पाटापर्यंत यायला थोरल्या रविराजच्या सासऱ्याला चार वर्षं लागली, आणि तो तर पोरगी देऊन बसलेला. सम्राट फौजदार तेवढं अंतर एका पावसाळ्यात चालून गेला.

सुरुवात चोरीला गेलेल्या फोनपासून झाली. आप्पांची धाकटी पूनम शिक्रापूरला खोली घेऊन राहायची. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ती क्वालिटीला होती. भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवून बघायचा, बरा असेल तर पुढं ढकलायचा, नसेल तर लाल पेटीत टाकायचा. खोली भागुबाईची. भागुबाईनं वरचा मजला कंपनीच्या पोरींना दिलेला आणि स्वतः खाली जिन्याच्या तोंडाशी राहायची. कुठल्या पोरीला घरून फोन आला आणि कुठलीला दुसरीकडून, हे तिला जिना उतरणाऱ्या पावलांवरून कळायचं.

एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरच्या दोघांनी पूनमच्या हातातला फोन हिसकला. शिक्रापुरात असा गेलेला फोन लोक मेलेल्यात धरतात. पूनमनं आपली रीत म्हणून नगर रस्त्यावरच्या ठाण्यात तक्रार दिली, आणि तिसऱ्या दिवशी सम्राट फौजदार स्वतः फोन घेऊन खोलीवर आला. चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. वरच्या पोरी कठड्यावरून वाकून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आमचे फोन गेले तवा ह्ये साहेब कुठल्या गावाला गेले हुते?"

मग फोन नीट चालतो का हे विचारायला फौजदाराचा फोन आला. मग पुन्हा आला. मग कंपनीच्या गेटावर जीप दिसायला लागली, आणि पोरींची बस निघाली की जीपही निघायची. विचारलं तर महिला सुरक्षेची गस्त. भागुबाई चार दिवस ती गस्त बघत राहिली आणि पूनमला म्हणाली, "गस्तीची गाडी फिरत असती गं. ही तर आपल्या दारात पार्क होती."

पूनमनं रविवारी घरी सांगितलं. भामाबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हातातली भाकरी तव्यावर करपली. रविराज म्हणाला, भांडण नको, पोलीस माणूस आहे. आप्पा मात्र घाबरले नाहीत. त्यांना यावरचा उपाय ठाऊक होता, आणि तो त्यांच्याच आयुष्यातला होता.

त्यांच्या बापानं मेंढरं राखली आणि त्यांनी स्वतः विशीपर्यंत. एका साली नीरेच्या काठाला त्यांच्या मेंढरांच्या वाड्याभोवती परकं कुत्रं घिरट्या घालायला लागलं. बाकीचे दगड मारायचे. आप्पांनी त्याला भाकरी टाकली, दुसऱ्या दिवशी जरा जवळ टाकली, आणि आठवड्यात ते कुत्रं मेंढरांच्या मधोमध झोपायला लागलं. पुढं ते म्हातारं होऊन मरेपर्यंत वाड्याला लांडगा फिरकला नाही. ही गोष्ट आप्पांनी इतक्यांदा सांगितलेली की घरात कुणी ऐकत नसे. त्या रविवारी सगळ्यांनी ऐकली. म्हणाले, "घिरट्या घालनाऱ्याला हाकलायचं नसतं. त्याला नातं द्यायचं. राखीपुनवंला बोलवा साहेबाला."

सम्राट फौजदार आला तो शर्ट-पँटीत, हातात पेढे. आल्या आल्या भामाबाईच्या पाया पडला. पूनमनं भावकीच्या देखत त्याला राखी बांधली, दादा म्हणाली, आणि पडवीत बसलेल्या बायाबापड्यांनी ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. आता भाऊ झाला. प्रकरण मिटलं. नात्यावर एवढा भरवसा फक्त चांगल्या माणसांचाच असतो, आणि वाईट माणसांना ते बरोबर माहीत असतं.

ओवाळणीच्या ताटात फौजदारानं नवा कोरा फोन ठेवला. जुना पुन्हा कुणी हिसकला तर? भारीतला होता. त्याचं सेटिंग रविराजनं करून दिलं. तो आणि फौजदार बाजेवर डोक्याला डोकं लावून बराच वेळ त्या फोनवर वाकून बसले होते. पूनमला तेव्हा बरं वाटलं. दोन भाऊ वाटले ते तिला.

दिवाळीच्या आधी रविराजची सतरा सीटची गाडी कंपनीला लागली. कामगार न्यायला-आणायला गाडी लागावी म्हणून लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, ओळखी काढतात. रविराजची एका फोनवर लागली. फोन कुणी केला हे घरात बोललं गेलं नाही. भाऊबीजेला सम्राटसाठी चुलीपुढं पाट टाकला गेला, एवढंच.

त्या हिवाळ्यात पूनमला स्थळं यायला लागली. आता पोलीस घरातच असताना चौकशीला बाहेर कुणाला कशाला धाडायचं? आप्पांनी पहिल्या मुलाचा बायोडाटा सम्राटकडं दिला. आठवड्यानं तो हळूच म्हणाला की मुलगा पितो. दुसऱ्याचा दिला. त्याचं बाहेर काहीतरी आहे, असं कळलं. दोन्ही ठिकाणी आप्पांनी स्वतःच नाही कळवलं, आणि भामाबाई शेजारणींना सांगत सुटली की देवानं भाऊ पाठवला म्हणून पोर वाचली.

तिसरं स्थळ केंदूरचं. रखमाजींचा बिरुदेव. शेवंती आणि भाजीपाला करणारं घर, भामाबाईच्या माहेरच्या नात्यातलं, म्हणून चौकशीचा प्रश्नच आला नाही. बिरू पूनमला बघायला आला तेव्हा तिला विचारून बसला की तुम्ही दिवसभर वाईट माल बाजूला काढता, मी कुठल्या पेटीत? ती हसली. सुपारी फुटली, वैशाखातली तारीख धरली, आणि रोज शिफ्ट सुटल्यावर दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. भागुबाईला ती पावलं ओळखू यायला लागली.

सम्राटला सगळं ठरल्यावर कळलं. तो म्हणाला, छान झालं. महिनाभर त्याची जीपही दिसली नाही.

मग एका सकाळी बिरूला शेतातून उचललं. विहिरीवरच्या मोटारी चोरणाऱ्या टोळीत त्याचं नाव आलंय म्हणे. दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवला. मारलं नाही, शिवी दिली नाही. सम्राटनं त्याला वडापाव मागवला, तो खाईपर्यंत समोर बसला, आणि उठता उठता हसून म्हणाला, "दाजी, कुत्र्याला लई भिता म्हणे तुम्ही."

संध्याकाळी सोडून दिला. बिरूनं तसाच पूनमला फोन लावला. धनगराच्या घरात जन्मून कुत्र्याला भितो, हे त्यानं लाजेपायी आईलाही सांगितलं नव्हतं. लहानपणी एकदा चावलं, तेव्हापासून. सांगितलं होतं ते फक्त तिला, गेल्या आठवड्यात, फोनवर.

"तू कुनाला बोललीस का?" त्यानं विचारलं.

पूनमनं फोन कानापासून लांब धरून बघितला. मग म्हणाली, "ह्या फोनवर काय बोलू नका. मी उद्या भागुकाकींच्या फोनवरनं लावते."

भाग बिघडलेला आहे असं नुसतं वाटून चालत नाही, उजेडात फिरवून बघावं लागतं, हे तिला कंपनीनं शिकवलं होतं. तिनं रजा टाकली आणि दार लावून खोलीत बसली. फोन भागुबाईच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली. भागुबाईची बहीण दौंडला असते. तिच्याकडं जायला तिला कारण लागतच नसे. ती एसटीनं दौंडला गेली, स्टेशनासमोरच्या रसवंतीत बसली आणि तिनं रस मागवला. दुसरा ग्लास निम्मा झाला असेल, तोवर साध्या कपड्यातला सम्राट आत आला. सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. भागुबाईला बघितलं आणि थांबला.

"मावशी, तुम्ही इथं?"

"माझी बहीण हाय दौंडात. तुम्ही कुनाला हुडकताय?"

"ड्युटीवर आहे."

"शिक्रापूरची ड्युटी दौंडपतुर? हद्द लई वाढली म्हनायची तुमची."

त्यानं स्वतःच्या फोनवर बघितलं, मग तिच्या पिशवीवर बघितलं. कुणीही दचकला असता. तो दचकला नाही. तिच्या रसाचे पैसे देऊन टाकले आणि जाता जाता म्हणाला, "पिशवी जपून न्या मावशी. आत जपण्यासारखं आहे."

भागुबाई घरी आली तेव्हा तिच्या तोंडची सगळी चेष्टा गेली होती. फोन तिनं पूनमच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, ह्यो बाप्या आपल्याला सापडला न्हाई. त्यानं सोताला सापडू दिलं."

रविवारी पूनम राहूला गेली. सगळ्यांना पडवीत बसवलं आणि सांगायला लागली. फोनमध्ये काहीतरी घातलंय, त्याला माझं सगळं बोलणं ऐकू जातं. बिरूला ठाण्यात कुत्र्यावरून टोमणा मारला. पहिली दोन्ही स्थळंही त्यानंच मोडली असणार. ती एवढं बोलली आणि रविराज मध्येच तडकला. भाऊ म्हणून काळजी करतो माणूस, त्याचं तुला काहीच नाही. वर तो म्हणाला, "आन् त्या भागुबाईला दौंडला कशाला नाचवायचं? काय वाटलं असंल त्यांला?"

पूनमनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट बोलणं एकदम हळू झालं.

"दौंडचं मी अजून सांगितलंच न्हाई, रवीदादा."

रविराजनं मान खाली घातली, मग मोबाईल काढून उगाच बघायला लागला. भामाबाई चहा ठेवते म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. चहाही आला नाही. सगळं जुळायला वेळ लागला नाही. फोनचं सेटिंग कुणी केलं. कंपनीला गाडी कशी लागली. दौंडची गोष्ट तिच्या आधी राहूला कशी पोचली. पूनमला वाटत होतं की ती घरात एका परक्याविरुद्ध तक्रार घेऊन आलीय. इथं परकी तीच होती.

तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी अंगणात उभ्या असलेल्या सतरा सीटच्या गाडीकडं बघितलं. रविराजची दोन्ही पोरं त्या गाडीत शिरून हॉर्न वाजवत होती.

आप्पा म्हणाले, लग्न महिन्यावर आलंय. पोलिसाशी वैर घेतलं तर तो लग्न होऊ देणार नाही. गोड बोलून दिवस काढू, एकदा तू केंदूरला गेलीस की सुटलीस. आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. कानपिळीचा मान सम्राटनं मागितला होता, आणि रविराजनं देऊन टाकला होता.

लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून. नवरा खोटंखोटं ओरडतो, मांडव हसतो, आणि नवऱ्याकडचे भावाला टॉवेल-टोपी करतात. तेवढ्या मिनिटापुरता नवऱ्याचा कान भावाच्या हातात असतो. पूनमला ते डोळ्यांपुढं दिसलं.

"आप्पा," ती म्हणाली, "त्ये कुत्रं नव्हतं."

आप्पांनी चपला शोधायला घेतल्या, ज्या त्यांच्या पायातच होत्या.

पूनमनं बिरूला भागुबाईच्या फोनवरून सगळं सांगितलं, आणि अजूनही नाही म्हणता येईल असंही सांगितलं. बिरू म्हणाला, "कुत्र्याला भितो मी, मान्सांला न्हाई." मग म्हणाला की तसा माणसांनाही भितो, पण लग्न करू.

चौफुल्याच्या अलीकडच्या कार्यालयात दुपारचं लग्न होतं. हल्ली स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लावतात. मागं बसलेल्यांना नवरा-नवरी घराएवढे दिसतात, आणि कुणाच्या बायकोनं कुठली साडी दुसऱ्यांदा नेसलीय तेही दिसतं. भागुबाई पडद्यासमोरची जागा धरून बसली होती. अक्षता पडल्या. अर्धी पंगत जेवायला पळाली, अर्धी विधी बघत राहिली. माईकवरून पुकारा झाला: नवरीचे बंधू, कानपिळीला या.

सम्राट स्टेजवर आला. रविराजसारखाच फेटा, रविराजसारखाच कुर्ता. खाली वाकला, बिरूचा कान धरला आणि पिळला. बिरू ओरडला. मांडव हसला. अजून पिळला. मांडव अजून हसला, कुणीतरी मागून ओरडलं, "सोडा आता दाजींना, पोरं व्हायची हायेत अजून." सम्राटनं सोडलं नाही. बिरूचं ओरडणं बंद झालं होतं आणि तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. पुढच्या रांगेतलं हसू आधी थांबलं, मग त्याच्या मागच्या. कॅमेरावाला लग्नं शूट करणारा पोरगा, त्याला वाटलं मजेचा प्रसंग आहे. त्यानं कॅमेरा जवळ नेला.

आणि पडद्यावर सम्राटचं तोंड आलं, भिंतीएवढं. कान बिरूचा पिळत होता, पण डोळे बिरूवर नव्हते. ते पूनमवर होते. पापणी लवत नव्हती. त्या नजरेत भावाचं काही नव्हतं, हे ओळखायला कुणाला पोलीस लागला नाही. जेवायला उठलेली माणसं पत्रावळी हातात घेऊन उभी राहिली. बिरूच्या कानामागून उपरण्यावर रक्ताचा थेंब पडला, आणि तोही भाकरीएवढा दिसला.

पूनमनं सम्राटचं मनगट धरलं. "सोडा."

त्यानं लगेच सोडलं. तिचा हात आपल्या मनगटावर आहे हे बघितलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला, सुखावला. इतक्या महिन्यांची कमाई हातात पडावी तसा. तेही सगळ्यांनी बघितलं.

तेवढ्यात रविराज पळत स्टेजवर चढला. पूनमला क्षणभर वाटलं, आला. आपला भाऊ आला. ती त्याच्याकडं वळली सुद्धा. रविराज तिच्या अंगावरून पुढं गेला, बिरूच्याही पुढं गेला, कॅमेरावाल्याकडं गेला आणि त्यानं भिंगावर हात ठेवला.

पडद्यावर अंधार झाला. मग नीट बघितल्यावर कळलं की तो अंधार नाही, पंजा आहे. तळव्यावर आडवा व्रण. लहानपणी दारची चार मेंढरं कातरताना कातर लागली होती, आणि त्याच्यावर हळद दाबून धरून छोटी पूनम त्याच्यापेक्षा जास्त रडली होती. तो व्रण पूर्ण मांडवाला दिसत होता. कुणाचा ते फक्त घरच्यांना कळत होतं.

"बंद कर रे त्यो," रविराज कॅमेरावाल्याला म्हणत होता. "बंद कर आधी."

रखमाजी टॉवेल-टोपीचं ताट घेऊन उभे होते. कुणाला द्यायचं ते त्यांना समजेना. पूनमनं ते ताट त्यांच्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. साडीच्या ओच्यातून तो भारीतला फोन काढून टोपीवर ठेवला. मग भटजींकडं वळून म्हणाली, माईक त्यांच्यापुढंच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं:

"काका, माझ्याकडनं कानपिळीला भाऊ न्हाई. पुढचं घ्या."

सम्राटनं ताटातला फोन उचलला नाही. तो स्टेजवरून उतरून खुर्च्यांमधल्या वाटेनं निघाला. त्याच्या वाटेतल्या माणसांनी पाय आत घेतले. दर वेळी त्याला रामराम घालणारे अनेक जण तिथं होते, त्या दिवशी सगळ्यांना पंगतीकडं बघायचं होतं. आप्पा दरवाज्यात उभे होते. त्यांनी त्याला वाट दिली, आणि नंतरही ते तसेच वाट दिल्यासारखे उभे राहिले.

रविराजचा पंजा पडायच्या आधीचा तुकडा कॅमेरावाल्याकडं राहिला होता. पूनमनं तक्रारीला तो जोडला, फोनही जोडला. साक्षीला पहिली सही भागुबाईची. चौकशी लागली, सम्राटला ठाण्यावरून हलवलं. ती चौकशी अजून चालू आहे. अशा चौकश्या सावकाश जेवतात. पूनम केंदूरहून कंपनीत जाते. बसच्या मागं जीप आहे का, हे ती अजून वळून बघते. बिरूच्या कानाला खाच राहिली. त्याला विचारलं तर तो सांगतो की कुत्रं चावलं.

पावसाळ्यात रविराजची गाडी कंपनीतून निघाली. राखीला तो आला नाही. भाऊबीजेला आला, न सांगता, दिवस मावळताना, मिठाई घेऊन. रखमाजींनी त्याला अंगणात खुर्ची दिली. तो टोपी घालून, कपाळ पुढं करून बसला. म्हणाला, झालं गेलं, आप्पा जेवत नाहीत नीट, गाडी गेली, पोरांची शाळा आहे. म्हणाला, मला वाटलं तुझी अब्रू झाकावी, म्हणून हात ठेवला.

"माझी?" पूनमनं विचारलं.

ती आत गेली. ताट घेऊन बाहेर आली. निरांजन, हळद-कुंकू, सुपारी, सगळं. रविराजनं पाय जवळ घेतले आणि टोपी नीट केली. पूनम त्याच्या खुर्चीजवळून पुढं गेली, अंगणाच्या कडेला शेवंतीच्या वाफ्यापाशी जाऊन थांबली. पश्चिमेला बीजेची कोर नुकती दिसत होती, बोटाच्या नखाएवढी. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया चंद्राला ओवाळतात. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सावकाश, घाई न करता, तीनदा ओवाळलं.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं नाही. निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून तिनं त्याच्यापुढं हात धरला होता.